बारा वर्षांनी पुन्हा डिस्नीच्या जहाजावर: तीन पिढ्या, दोन केबिन, हॅलोवीनच्या चार रात्री

दहा-बारा वर्षांपूर्वी डिस्नी क्रूझ करून आलेल्यांच्या डोक्यात चारच जहाजं असतात: मॅजिक, वंडर, ड्रीम आणि फँटसी. तेव्हा रोज संध्याकाळी केबिनमध्ये छापील कार्यक्रमपत्रिका यायची आणि मुलं कुठे आहेत हे विचारायला जहाजाचा फोन खिशात घेऊन फिरावं लागायचं. त्यानंतर २०२२ मध्ये विश, २०२४ मध्ये ट्रेझर आणि २०२५ मध्ये डेस्टिनी आली. पत्रिका आता फोनवरच्या नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये गेली आहे. खरा बदल मात्र वेगळा आहे. 'चढल्यावर बघू' ही जुनी सवय आता महागात पडते, कारण चांगलं ते सगळं निघायच्या अडीच-तीन महिने आधीच संपतं.

हा वृत्तांत विश जहाजाचा आहे. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हरलहून निघून बहामाची राजधानी नासाऊ, कॅस्टअवे के (डिस्नीचं बहामातलं खासगी बेट), एक दिवस समुद्रावर आणि परत. माणसं सहा: भारतातून आलेले आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं.

सुरुवात कागदपत्रांपासून करा, तारखा नंतर. अमेरिकी नागरिक त्याच बंदरात परत येणार असतील, तर जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्रावर भागतं. तरी पासपोर्ट न्यावाच, कारण कोणी बहामात आजारी पडून विमानाने परतायची वेळ आली तर दाखला चालत नाही. आजी-आजोबांचा बी-२ (पर्यटक) व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. बहामासाठी भारतीय पासपोर्टवर काय लागतं, हे बुकिंग करतानाच लेखी विचारून घ्या. कागद अपुरे असले तर बंदरावरून परत पाठवतात आणि पैसेही जातात.

एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, पण आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) चालू आहे, असे कितीतरी जण असतात. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलात तर त्या संपलेल्या शिक्क्यावरही परत येता येतं, आणि 'मग बहामाही तसंच' असं गृहीत धरलं जातं. तसं नाही. आजूबाजूच्या बेटांची ती सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे. एच-१बीचा शिक्का संपला असेल तर बहामाची क्रूझ बुक करू नका, सॅन दिएगोहून मेक्सिकोला जाणारी बघा आणि त्याआधी वकिलाला एकदा विचारा. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर बाहेर पडण्यापूर्वी वकील हवाच.

आता तारखांचं गणित. एकदा जरी डिस्नी क्रूझ केली असेल तरी तुम्ही कॅस्टअवे क्लबचे, म्हणजे डिस्नीच्या जुन्या प्रवाशांच्या क्लबचे, सिल्व्हर (पहिल्या पायरीचे) सदस्य असता, आणि मध्ये कितीही वर्षं गेली तरी ते सदस्यत्व जात नाही. गोची अशी की जुनं खातं बंद पडलेल्या ईमेलवर किंवा लग्नाआधीच्या आडनावावर असतं. फोन करून जुना क्रमांक नव्या बुकिंगला जोडून घ्या. फायदा थेट दिसतो: पहिल्यांदा जाणाऱ्याला कार्यक्रमांचं बुकिंग ७५ दिवस आधी उघडतं, सिल्व्हरला ९० दिवस आधी. पूर्ण पैसे भरलेले असल्याशिवाय मात्र ते उघडतच नाही. बुकिंग उघडेल त्या रात्री आधी डिस्नीच्या राजकन्यांच्या भेटीची मोफत वेळ घ्या, मग पालो स्टेकहाउस (फक्त मोठ्यांसाठी, वेगळे पैसे), मग बेटावरच्या सहली. उलट क्रमाने गेलात तर सहल मिळेल आणि राजकन्या जाईल. नातीला हे समजावणं अवघड असतं.

दुसरी तारीख ऑनलाइन चेक-इनची: नवख्याला ३० दिवस आधी, सिल्व्हरला ३३. ते ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या) वेळेनुसार मध्यरात्री उघडतं. बंदरावर पोहोचायच्या वेळा तिथेच निवडायच्या असतात आणि दुपारी बाराच्या आतल्या वेळा पटापट जातात. प्रत्येकाच्या पासपोर्टचा आणि चेहऱ्याचा फोटो आधीच फोनमध्ये काढून ठेवा. चष्म्यावर चमक किंवा मागे पडदा असला की फोटो नाकारला जातो, आणि आजोबांना रात्री बारा वाजता भिंतीपुढे उभं करावं लागतं.

दोन केबिन घेणार असाल तर प्रत्येकीत एक जुना सदस्य ठेवा आणि दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडायला सांगा. जोडली नाहीत तर जेवणाची टेबलं वेगळी येतात. जेवणाच्या पाळ्या दोन, साधारण पावणेसहा आणि सव्वाआठ. लहान मुलं आणि मधुमेही आजोबा बरोबर असतील तर पहिलीच घ्या. केबिन जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर घेतली की हेलकावे कमी लागतात. त्यासाठी बाल्कनीवर पाणी सोडावं लागलं तरी चालेल. मळमळीवर आलेपाक न्यावा, पण बंद पाकिटातला.

बंद पाकिटाचा हा मुद्दा आपल्याकडच्यांना जड जातो. घरी केलेलं काहीही जहाजावर नेता येत नाही. लाडू नाहीत, चकल्या नाहीत, थेपलेही नाहीत. कारखान्यात सीलबंद झालेलं, न फोडलेलं पाकीट चालतं. इस्त्री, किटली, राइस कुकर, वायर वाढवायचे बोर्ड बंद. उदबत्ती, मेणबत्ती, निरांजन बंद. आगीचं भय जहाजावर सगळ्यात मोठं असतं, त्यामुळे त्यात सवलत नाही. पूजेला बॅटरीची पणती घ्या. नवरात्र याच मोसमात येतं, आणि उपास असणाऱ्यांना साबुदाणा मिळणार नाही. फळं, दही, उकडलेला बटाटा मिळतो, उपासाचा चिवडा सीलबंद न्या.

विमानाने येणार असाल तर आदल्या दिवशीच ओरलँडोला पोहोचा. विमानतळ ते बंदर सुमारे ७० किलोमीटर, गाडीने तासभर. बंदरावर मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या केबिनपाशी दुपार उलटल्यावर येतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. कपडे मोठ्या बॅगेत गेले तर मुलं तीन तास पोहण्याच्या तलावाकडे बघत बसतात. ११ व्या डेकवर मार्सेलीन मार्केट या बुफेमध्ये पहिल्या दुपारी झुंबड उडते, तेव्हा खाली बसून जेवायचं कोणतं रेस्टॉरंट उघडं आहे ते अ‍ॅपवर पाहा. सुरक्षेची कवायत सक्तीची आहे. जमायच्या जागेचं अक्षर केबिनच्या कार्डावर छापलेलं असतं.

केबिनचं दार आणि भिंती पोलादी आहेत. घरून आठ-दहा चुंबकी हुक न्या, ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं लटकतं. दारावर सजावट करायची तर तीही चुंबकानेच, चिकटपट्टी लावू देत नाहीत. बहुतेक केबिनमध्ये संडास आणि आंघोळीची खोली वेगवेगळी असते, दोन्हीकडे बेसिन. सकाळी सहा माणसांचं आवरताना याची किंमत कळते.

जेवणाची तीन रेस्टॉरंटं (वर्ल्ड्स ऑफ मार्व्हल, १९२३ आणि अ‍ॅरेंडेल) आळीपाळीने येतात आणि वाढणारे तेच लोक तुमच्याबरोबर फिरतात. म्हणून पहिल्याच रात्री त्यांना स्पष्ट सांगा: शाकाहारी, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही. छापील मेनूत नसलं तरी डाळ, भाजी, पनीर, रोटी असं जेवण मागितल्यावर करून देतात. सांगायचं आदल्या रात्री, जेवण मिळतं दुसऱ्या दिवशी. ऐनवेळी मागितलं तर पास्ताच येतो. चव सौम्य असते, लोणच्याचं सीलबंद पाकीट कामी येतं.

हॅलोवीनचा मोसम सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. मधल्या दालनात भोपळ्यांचं झाड उभं राहतं, एका संध्याकाळी मिकीचा वेशांतराचा मेळावा होतो, आणि त्याखेरीज चाच्यांची रात्र वेगळी. म्हणजे मुलांना दोन वेश लागतात. दुकानातले पॉलिएस्टरचे पोशाख डेकवरच्या दमट हवेत अर्ध्या तासात अंगाला चिकटतात. सुती मावळा करा, फेटा बांधा, तलवार मात्र घरी ठेवा, सुरक्षा तपासणीत अडकू शकते. आजींची नऊवारी तिथे सगळ्यात जास्त फोटो खाते. मुलांना वाटल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये जिलेटिन (प्राण्यांपासून केलेलं) असतं, काटेकोर शाकाहारी असाल तर पाकिटामागचं वाचून द्या. हाच काळ चक्रीवादळांचाही (जून ते नोव्हेंबर), त्यामुळे बंदर बदललं किंवा गळलं तर तयारी असू द्या आणि विमा आधी घ्या.

नासाऊला उतरायलाच हवं असं नाही. निम्मं जहाज रिकामं होतं, आणि अ‍ॅक्वामाउस या पाण्याच्या सफरीची रांग त्या सकाळी सगळ्यात लहान असते. कॅस्टअवे के बेटावर मात्र लवकर उतरा. जहाज थेट धक्क्याला लागतं, टॉवेल आणि जेवण जहाजाचंच. आजी-आजोबांसाठी सावलीतल्या खुर्च्या आधी धरा, पाण्यात नंतर.

मुलांच्या क्लबला तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला लागतो. क्लबने दिलेला मनगटी पट्टा परत केला नाही तर बिलात येतो. बक्षिशी माणशी रात्री १६ डॉलरच्या आसपास, लहान मुलांनाही. सहा जण, चार रात्री, म्हणजे ३८४ डॉलर, आधीच बजेटात धरा. पेयांच्या बिलावर १८ टक्के वेगळे.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावरच भेटतात. सकाळचे कपडे, बूट आणि आजोबांची सकाळची गोळी बाजूला काढल्याशिवाय बॅग बंद करू नका. दरवेळी कोणीतरी रात्रीच्या पायजम्यात इमिग्रेशनच्या रांगेत उभं असतं. नाश्त्याच्या टेबलावरचं केळं किंवा सफरचंद पिशवीत टाकू नका, कस्टमवाले काढून घेतात. परतीचं विमान साडेअकराच्या आधीचं नको.

जहाज सोडण्यापूर्वी पुढच्या प्रवासासाठी २५० डॉलर भरून जागा राखता येते, त्यावर १० टक्के सवलत मिळते, पण ती दोन वर्षांच्या आत वापरावी लागते. पुन्हा बारा वर्षांनी येणार असाल तर ते पैसे खिशातच ठेवा.