आवाज किती, अंतर किती : ‘मेसाया’चं ध्वनिमुद्रण

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना आपापल्या कामाबद्दल लिहायला सांगितलं, हे मला फार आवडलं. माझं काम पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणाचं. आपल्या सभागृहात सगळी शाळा एकदम प्रार्थना म्हणायची तेव्हा सूर छतापर्यंत भिडायचा, पण शब्द व्यासपीठापर्यंत येता येता विरघळायचे. समूहगान ध्वनिमुद्रित करणाऱ्यापुढे रोज हाच प्रश्न असतो. तो उलगडून दाखवायला अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याच्या ‘मेसाया’सारखं दुसरं उदाहरण नाही.

‘मेसाया’ हा ऑरेटोरिओ, म्हणजे नेपथ्य, वेशभूषा आणि अभिनय वगळून फक्त गाण्यावाजवण्यातून उभा केलेला धार्मिक विषय. चार्ल्स जेनेन्सने बायबलमधली वचनं निवडून संहिता बांधली आणि हँडेलने लंडनमध्ये २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर १७४१ या चोवीस दिवसांत तिला संगीत दिलं. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनला झाला. संपूर्ण रचना साधारण दोन तास वीस मिनिटांची.

पुढच्या शतकात या संगीताला गर्दीची चटक लागली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या हँडेल महोत्सवांत हजारो गायक एका वेळी उभे राहू लागले. २९ जून १८८८ रोजी तिथेच हँडेलच्या ‘इस्रायल इन इजिप्त’चा काही भाग एडिसनच्या मेणाच्या नळीवर उतरवला गेला. गाणारे सुमारे चार हजार, आणि यंत्र जवळजवळ नव्वद मीटर लांब, पत्रकारांच्या सज्जात. ती नळी टिकून आहे. जगातल्या सगळ्यांत जुन्या संगीत-ध्वनिमुद्रणांपैकी ती एक. ऐकताना लयीची मोठी लाट येऊन गेल्यासारखी वाटते, शब्द मात्र एकही हाती लागत नाही. सगळा दोष मेणाला देऊन भागणार नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गायकांचा घोळका चौतीस मीटर खोल असेल, तर पुढच्या आणि मागच्या रांगेच्या आवाजात एक दशांश सेकंदाचं अंतर पडतं. जलद लयीत एवढ्या वेळात एक अख्खा स्वर होऊन जातो. आपल्या प्रार्थनेचे शब्द का विरघळायचे, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

मग हँडेलच्या वेळी माणसं किती होती? याचा कागदोपत्री पुरावा आहे. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथालयाच्या मदतीसाठी तो दरवर्षी ‘मेसाया’ करायचा. तिथले १७५४ सालचे मानधनाचे हिशेब उपलब्ध आहेत : चौदा व्हायोलिन, सहा व्हायोला, तीन चेलो, दोन डबल बास, चार ओबो, चार बसून, दोन हॉर्न, दोन ट्रम्पेट आणि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे. एकूण अडतीस वादक. समूहात वीसच्या आसपास मुलगे आणि पुरुष, शिवाय पाच एकल गायक. म्हणजे वादक गाणाऱ्यांपेक्षा जास्त! मृत्युपत्रात हँडेलने या संस्थेला ‘मेसाया’ची स्वरलिपी आणि वादक-गायकांच्या सुट्या प्रती ठेवल्या. त्यामुळेच ही आवृत्ती पुन्हा उभी करता येते. संगीत-संचालक क्रिस्टोफर हॉगवुडने अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक हा जुन्या वाद्यांचा वृंद आणि ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलचा कॉयर, म्हणजे गायकवृंद, घेऊन ती ध्वनिमुद्रित केली. १९८० मध्ये ते रेकॉर्डिंग बाजारात आलं. वरच्या पट्टीत मुलगे, तातीच्या (आतड्याच्या) तारांची व्हायोलिनं, मोजकी माणसं. त्याच्या वीसेक वर्षं आधी संचालक टॉमस बीचमने मोठा आधुनिक वाद्यवृंद आणि झांजांसकट केलेलं ‘मेसाया’ भव्य आहे, त्याचा मान मी ठेवतो. पण चार आवाज एकमेकांचा पाठलाग करतात अशा जागा, टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) कुठे शिरला आणि आल्टो (त्याच्या वरचा आवाज) कुठे निसटला हे कळण्याइतक्या स्वच्छ ऐकायच्या असतील, तर मी निःसंकोच हॉगवुडकडे बोट दाखवेन.

पट्टीबद्दल थोडं, कारण पेटी वाजवणाऱ्यांना ही गंमत लगेच कळेल. आजची पांढरी सहा ४४० ला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांना लावतात. जुन्या वाद्यांचे वृंद तीच ४१५ ला लावतात, म्हणजे त्यांची पांढरी सहा आपल्या काळी चारवर येते. हँडेलच्या नावाशी जोडलेला १७५१ चा एक स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) मात्र ४२२.५ चा आहे. ४१५ ही आजची सोय : बरोबर अर्धा स्वर खाली असल्यामुळे हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या तारवाद्याच्या पट्ट्या एक घर सरकवल्या की तेच वाद्य दोन्हीकडे चालतं. सत्र सुरू होण्याआधी हार्पसिकॉर्ड लावून ठेवावा लागतो आणि प्रत्येक मध्यंतरात पुन्हा तपासावा लागतो. हॉल तापला की त्याच्या धातूच्या तारा उतरतात आणि तेवढ्याच वेळात ओबो वाजवून वाजवून चढतो. हवा दमट झाली की तातीच्या तारा सरकतात. म्हणून हॉल आधी गरम करून घ्यायचा आणि टेक, म्हणजे एकेक मुद्रण, सुरू होताना हीटर बंद करायचा. चालू ठेवला तर त्याचे नळ टकटक करतात.

जागा बहुधा चर्चची. रिकाम्या चर्चमध्ये घुमारा दोन ते अडीच सेकंद टिकतो. संथ कोरसला तो खुलवतो, जलद ताना मात्र गढूळ करतो. तीन सेकंदांच्या पुढे गेला तर बाकांवर जाड गालिचे पसरावे लागतात. मुख्य माइक तीन : डावा आणि उजवा एकमेकांपासून सुमारे दोन मीटर, मधला त्यांच्यापुढे दीड मीटर, सगळे वाद्यवृंद-संचालकाच्या डोक्यावर जमिनीपासून तीन मीटर उंच. ध्वनिचित्राचा नव्वद टक्के भाग यांच्यातूनच यायला हवा. कॉयर वाद्यवृंदाच्या मागे असतो, म्हणून त्याला वेगळे दोन-तीन माइक. इथे नवशिके हमखास चुकतात. कॉयरचा माइक मुख्य माइकपेक्षा आठ मीटर मागे असेल, तर त्याच्यात आवाज सुमारे तेवीस मिलिसेकंद आधी पोचतो. तेवढा विलंब त्या वाहिनीला दिला नाही, तर गाणारे वादकांच्या पुढ्यात येऊन बसल्यासारखे वाटतात आणि खोली सपाट होते. विलंब दिल्यावरही ती वाहिनी इतकीच उघडायची की बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटावं आणि चालू असताना ती आहे हे कळू नये.

तीन तासांच्या एका सत्रात वापरण्याजोगं संगीत पंधरा ते वीस मिनिटांचं मिळतं. म्हणजे ‘मेसाया’ला सात ते नऊ सत्रं हवीत. क्रम स्वरलिपीचा नसतो, माणसांच्या उपलब्धतेचा असतो. ट्रम्पेट चारच ठिकाणी आहेत : ‘ग्लोरी टू गॉड’, ‘हालेलुया’, ‘द ट्रम्पेट शॅल साउंड’ आणि शेवटचा ‘वर्दी इज द लॅम्ब’ ते ‘आमेन’. टिंपनी त्यातल्या दोनच ठिकाणी, ‘हालेलुया’त आणि शेवटी. हे सगळं एकाच दिवशी उरकायचं, पण ट्रम्पेटवाल्यांचे ओठ थकतात म्हणून ‘आमेन’ दिवसाच्या शेवटी ढकलायचा नाही. ‘ग्लोरी टू गॉड’मध्ये ट्रम्पेट दुरून आणि थोडे हळू वाजवावेत अशी हँडेलची स्वतःची सूचना आहे. त्यासाठी वादकांना दाराबाहेर उभं करावं लागतं. नुसती पातळी खाली ओढून चालत नाही, कारण दुरून आलेल्या आवाजाबरोबर वाटेतला घुमाराही येतो.

आता शब्द. समूहात सर्वांत अवघड असतं शेवटचं व्यंजन. ‘फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न’ यातला ‘अस’ घ्या. वीस जणांनी तो ‘स’ थोडा थोडा मागेपुढे सोडला की माइकवर साप सरपटल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे ‘स’ नेमका कितव्या मात्रेवर हे प्रत्येकाच्या प्रतीवर पेन्सिलीने लिहिलेलं असतं, आणि तो म्हणायचा निम्म्याच लोकांनी. उरलेल्यांनी स्वर धरून सोडून द्यायचा. ‘ट’, ‘प’ ही व्यंजनं उलट सर्वांनी म्हणायची, नाहीतर ती हॉलच्या मध्यापर्यंतही पोचत नाहीत. या कोरसमध्ये ‘फॉर’वर विनाकारण जोर आल्यासारखा वाटतो. त्याचं मूळ हँडेलने त्याच वर्षी रचलेल्या एका इटालियन युगुलगीतात आहे. तिथे त्या जागी ‘नो’, म्हणजे ‘नाही’ हा शब्द होता आणि त्याला तो जोर शोभत होता. चाल उचलली, तिच्यासोबत जोरही आला. चांगला संचालक ‘फॉर’ हलका करून घेतो आणि वजन ‘चाइल्ड’वर नेतो. ‘बॉर्न’वरची लांबच लांब तान एका दमात कोणी गात नाही. शेजारच्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, एवढं ठरवलं की तान अखंड ऐकू येते. आपल्या शाळेच्या गाण्याच्या बाईंना यातलं काहीही जसंच्या तसं वापरता येईल. मराठी समूहगीतातले ‘स’, ‘श’ आणि ‘त’ असेच वागतात.

वेगवेगळ्या टेकमधले तुकडे जोडण्याचं काम व्यंजनावर किंवा ठोक्याच्या किंचित आधी करायचं. चुकलेली ओळ पुन्हा घेताना दोन-तीन मात्रागट मागून सुरुवात करायची. नाहीतर कापलेल्या जागी आधीच्या स्वराचा घुमारा नसतो आणि कानाला पायरी चुकल्यासारखं होतं. प्रत्येक सत्रात रिकाम्या हॉलची मिनिटभर शांतताही मुद्रित करून ठेवायची. दोन गाण्यांमध्ये तीच भरावी लागते, कारण निव्वळ पोकळी ठेवली तर श्रोत्याला वाटतं यंत्र बंद पडलं.

या शांततेची खरी परीक्षा ‘हालेलुया’च्या शेवटी होते. ट्रम्पेट, टिंपनी आणि पूर्ण समूह एकामागून एक ‘हालेलुया’ फेकत जातो आणि एकदम सगळे थांबतात. मग शेवटचा ‘हालेलुया’ संथ, रुंद. मधल्या त्या थांब्यात हॉल स्वतः गातो. घुमारा पुरता विझायच्या थोडं आधी पुढचा स्वर आला पाहिजे. लवकर आला तर गर्दी होते, उशिरा आला तर धागा तुटतो. त्या दोन सेकंदांत कोणाचं पान सळसळलं, बूट करकरला किंवा टिंपनीवाल्याने हाताने कातडं दाबून आस तोडली, की तो टेक गेला. ही जागा जोडून कधीच नीट बसत नाही, कारण विझणारा घुमारा प्रत्येक टेकमध्ये वेगळा असतो. त्यामुळे थांब्याच्या बऱ्याच आधीपासून शेवटच्या स्वरापर्यंत एकसलग टेक मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा घ्यायचं. शेवटचा स्वर संपल्यावरही पाच-सहा सेकंद संचालकाचा हात वर असतो, आणि लाल दिवा विझेपर्यंत कोणी हलत नाही.