खड्डा कुणाचा?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुना वाडा पाडून इमारतीसाठी पाया खणला आणि काम बंद पडलं. पावसाळ्यात त्यात पुरुषभर पाणी साठलं. कुंपण नाही, दिवा नाही, आणि शाळेची पोरं त्याच कडेनं जातात. जागामालक म्हणाले, "विकसन करार झालाय, ताबा बिल्डरकडे." बिल्डर म्हणाला, "खोदाई ठेकेदाराची." ठेकेदाराचं वेगळंच, "माझं काम संपलं, उलट बिल अडकलंय." नगरपरिषदेनं खासगी जागा म्हणून हात झटकले.

पोलिसांत जावं तर सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा अदखलपात्र. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली दंड फार तर १,००० रुपये. तेवढा भरून कुणीही मोकळा झाला असता, खड्डा तसाच. ओळखीच्या वकीलबाईंनी दुसरी वाट सांगितली : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, कारण उपविभागीय दंडाधिकारी तेच. रस्त्यालगतच्या खड्ड्याला कुंपण घालायला लावण्याचा अधिकार या कलमात स्पष्ट लिहिलेला आहे.

"पण सामनेवाला कुणाला करू?" मी विचारलं.

"सगळ्यांना. जागा ज्याची, ताबा ज्याचा, नियंत्रण ज्याचं, त्या कुणालाही आदेश देता येतो. त्यांचे आपसातले करार त्यांनी नंतर निस्तरावेत."

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच. दोषी शोधत बसायचं नाही. ज्याच्या हातात तो खड्डा बुजवणं किंवा झाकणं आहे, त्याला धरायचं. मिळकत पत्रिकेवर मालकाचं नाव होतं, बांधकाम परवानगीत बिल्डरचं, आणि ठेकेदाराचा फलक जागेवरच उभा होता. त्याचा फोटो जोडला. शेजाऱ्यांच्या सह्याही घेतल्या, नाहीतर हा दोन घरांमधला खासगी वाद ठरून "दिवाणी कोर्टात जा" असं ऐकावं लागतं.

मंडळ अधिकाऱ्यांनी पंचनामा केला आणि सशर्त आदेश निघाला : मुदतीत कुंपण घाला, पाणी उपसा, नाहीतर हजर राहून म्हणणं मांडा. तारखांना मालक येत, बिल्डरचा माणूस मुदत मागे. नव्या कायद्यात ही चौकशी ९० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर १२० दिवसांत संपवायची आहे. वकीलबाई दर तारखेला तेवढंच आठवण करून देत. ठेकेदारानं काम संपल्याचं सांगितलं तेव्हा प्रांतसाहेबांनी जागा परत सोपवल्याचा कागद मागितला. तो नव्हता, म्हणून त्याचं नाव आदेशात राहिलं. नगरपरिषदेला आम्ही जुन्या १३३ कलमाखालचाच, १९८० चा रतलामचा निकाल दाखवला. तिथल्या नगरपालिकेनं गटारांची घाण दूर करायला पैसे नसल्याची सबब सांगितली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नव्हती. इथं रस्त्यावरचा दिवा तरी लगेच लागला.

एके दिवशी खड्ड्याभोवती पत्रे उभे राहिले आणि पाठोपाठ निरोप आला, "काका, आता अर्ज मागे घ्या." घेतला नाही. पत्रे उद्या उचलले असते तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आदेश कायम झाला की तो मोडणं हा स्वतंत्र गुन्हा होतो, शिवाय दंडाधिकारी स्वतः काम करून घेऊन खर्च वसूल करू शकतात. आदेश कायम झाला तेव्हाच पाणी उपसणारा पंप आला. मी नक्कल विभागातून आदेशाची प्रमाणित प्रत काढली आणि एक झेरॉक्स पोलीस ठाण्यात पोच घेऊन दिली.