तिथली काळी माती

15 जानेवारी, सोलापूर

सुट्टीचा आठवा दिवस. यात्रेत पोराला खांद्यावर बसवून नंदीध्वज दाखवले. बाराबंदीतली माणसं बघून डोळे भरून आले. गेल्या जानेवारीत हेच सगळं दक्षिण सुदानमधल्या मलाकालच्या तळावर, कंटेनरमध्ये बसून फोनवर बघितलं होतं, तेही अडखळत. पण आज लिहायचंय ते मंद्रूपच्या रानाबद्दल.

सकाळी आण्णांनी हुरड्याला बोलावलं. आगटी पेटलेली, गोवऱ्यांचा धूर, आण्णा भाजलेलं कणीस तळहातावर चोळत बसलेले. हिरवे दाणे माझ्या ओंजळीत पडले आणि मला एकदम ती म्हातारी आठवली.

दक्षिण सुदानमध्ये वर्षभर होतो, यूएनच्या शांतिसेनेत, आपल्या बटालियनचा ड्रायव्हर म्हणून. घरी फोनवर सगळं सांगणं व्हायचं नाही. तिथली संध्याकाळ सहाची, इथे साडेनऊ वाजलेले, पोरगं झोपलेलं. ‘बरंय ना?’ ‘बरंय.’ तेवढ्यावरच फोन ठेवायचो. म्हणून आता लिहून ठेवतोय.

दिवस साडेचारला सुरू व्हायचा. आधी गाडीची फर्स्ट परेड: तेल, पाणी, टायर, वायरलेस. मग निळं हेल्मेट, अंगावर जड जॅकेट आणि पेट्रोलिंग. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात साहेबांनी 9 एप्रिल 2013 ची गोष्ट सांगितली. जोंगलेई राज्यात ताफ्यावर हल्ला झाला, आपले पाच जवान गेले. त्यानंतर प्रत्येक वळणावर गवताकडे बघायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. काल विजापूर रोडच्या कडेचं गवतही मी तसंच बघत होतो.

पावसाळ्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं. मे महिना लागला आणि रस्ते संपले. तिथली माती अगदी आपल्यासारखी आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाऊस पडला की लोण्यासारखी. पाय ठेवला की बुटाला शेरभर चिखल चिकटतो, दुसरं पाऊल टाकलं की दोन शेर. बरोबरची पोरं डोंगराकडची, त्यांना हे नवीन. गाडी रुतली की ती ॲक्सिलेटर दाबायची आणि चाक आणखी खाली जायचं. मी लहानपणी आण्णांच्या बैलगाडीमागे हेच केलेलं. चाकापुढचा चिखल खोऱ्याने काढायचा, खाली फळी आणि गवत घालायचं, आणि घाई करायची नाही. एकदा चार तास लागले. रात्री मडगार्डमध्ये वाळून विटेसारखा झालेला चिखल टोकरत बसलो, तर त्याचा वाससुद्धा ओळखीचा. पहिल्या पावसानंतर आमच्या रानाला येतो तोच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या तळाला लागूनच हजारो विस्थापितांची छावणी. लढाईतून जीव वाचवून आलेली माणसं ताडपत्रीच्या खोपट्यांत राहतात. एकदा तिथे ड्युटी होती. दारात एक म्हातारी रेशनचं धान्य पाखडत होती. अगदी माझ्या आजीसारखं, मनगटाला तोच झटका. जवळ जाऊन बघितलं तर ज्वारी! लालसर दाण्याची, पण ज्वारीच. ते तिला ‘दुरा’ म्हणतात. पीठ आंबवून तव्यावर पातळ ‘किसरा’ करतात. मी मूठभर दाणे हातात घेऊन ‘दुरा’ म्हणालो, तशी ती बोळक्या तोंडाने हसली. दुभाष्याकरवी सांगितलं की माझ्या बापाचं रानही काळं आहे, आम्हीही हेच पेरतो, हेच खातो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ‘तुझ्या गावात पेरणी झाली का?’

तिचं रान नाईल नदीच्या पल्याड होतं. किती वर्षांत तिकडे गेली नाही, हे मला विचारवलं नाही. एवढी कसदार माती, वर पाऊसही आपल्यापेक्षा जास्त, आणि ती बाई दुसऱ्या देशातून आलेल्या पोत्यातली ज्वारी पाखडतेय. आमच्याकडे पाऊस नाही म्हणून रान पडीक राहिलेलं मी बघितलंय. माणसांच्या भीतीने पडीक राहिलेलं रान तिथे पहिल्यांदा बघितलं. गाड्या, गस्त, वायरलेस हे सगळं कशासाठी, ते मला कुठल्या भाषणापेक्षा त्या सुपाने जास्त सांगितलं. नंतर रात्रीच्या ड्युटीचा कधी कंटाळा केला नाही.

हे सगळं आज पहिल्यांदा आण्णांना सांगितलं. ते शेंगाचटणीचं पान पुढे सारत ऐकत होते. बूट रानाच्या बांधावर काढून ठेवले होते. तळव्याच्या खाचेत काळी ढेप राहिलेली. तिथली की इथली, कोण सांगणार. आण्णांनी ती नखाने काढली, पाण्याचा थेंब घालून पेरणीआधी बघतात तशी बोटात मळली.

‘तिकडं पाऊस कवा लागतो?’

‘एप्रिल-मेमध्ये.’

‘मग आता रान तयार करायला पायजे त्यांनी.’

मी काही बोललो नाही. आगटीत अजून एक गोवरी सारली.