भिंतीतलं पाणी आणि भिंतीवरचं पाणी

खोली मागच्या बाजूची, तळमजल्यावरची. बाहेरच्या भिंतीला खाली मीटरभर उंचीपर्यंत पोपडे आणि पांढरा खार, वर छताच्या कोपऱ्यात कपाटामागे काळी बुरशी. मधला पट्टा कोरडा. घर जुनं, भिंत दगड-विटांची, चुन्यात बांधलेली, पाऊण मीटर जाड.

माझ्याआधी तिघेजण येऊन गेले होते. जमिनीतली ओल चढते आहे, हे तिघांचंही निदान. एकाने जोत्यालगत भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरलं. दुसऱ्याने चुन्याचा गिलावा खरवडून वॉटरप्रूफ सिमेंट प्लास्टर केलं. तिसऱ्याने त्यावर जाड रंग चढवला. पैसे गेले, ओल राहिली.

घरमालक म्हणाले, "ओल तपासायच्या मीटरवर सगळीकडे लाल दिवा लागतो." लागणारच. दोन सुयांचा तो मीटर पाणी मोजत नाही, दोन सुयांमधला विद्युतरोध मोजतो, आणि त्यावरचे आकडे लाकडासाठी ठरवलेले असतात. भिंतीत क्षार असले की जरा दमटपणातही तो लाल होतो. ओल कुठून कुठवर आहे हे चाचपायला तो ठीक आहे. पण नुसता तो दाखवून लोकांच्या भिंतीला भोकं पाडणाऱ्यांचा मला राग येतो.

तेवढ्यात मालकांच्या आई आतून आल्या. म्हणाल्या, "खालची भिंत बारा महिने ओली. वरची सकाळी ओली नि दुपारी कोरडी. मी त्या तिघांनाही सांगितलं होतं, कोणी लिहून घेतलं नाही." मी वही उघडून त्यांचं वाक्य तारखेसकट लिहून घेतलं. जमिनीतून चढलेलं पाणी दुपारी सुट्टीवर जात नाही. अर्धं निदान आजींनीच करून ठेवलं होतं.

मग ॲल्युमिनियम फॉइलचे दोन तुकडे, एक खाली आणि एक वरच्या कोपऱ्यात, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करून लावले. दोन दिवसांनी सकाळी लवकर गेलो. खालच्या फॉइलच्या पाठीमागे पाण्याचे थेंब होते, समोरून ती कोरडी. वरची नेमकी उलटी. पाणी समोर, पाठ कोरडी. खोलीत २० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साडेपंधरा अंशांच्या आसपास येतो, आणि कपाटामागचा कोपरा होता १४ अंशांवर. म्हणजे वर खोलीतल्याच हवेचं दव. थंडीमुळे रात्रभर खिडक्या बंद, कपडे आतच वाळत घातलेले, आणि कपाट भिंतीला असं चिकटलेलं की मागे हवा फिरायला बोटभरही जागा नाही.

फॉइलवर भागवत नाही मी. ड्रिल हळू चालवून, कारण पातं तापलं की भुकटीतलं पाणी उडून जातं, वेगवेगळ्या उंचीवर एक आणि आठ सेंटिमीटर खोलीवरची भुकटी काढली. ती तोलून कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद बाटलीत हलवली. पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो, त्याच्या दाबावरून ओलाव्याचं प्रमाण कळतं. जमिनीपासून वीतभर वर, आठ सेंटिमीटर आत ९ टक्के. वरच्या कोपऱ्यात तेवढ्याच खोलीवर दीड टक्का. या कामाला अख्खी सकाळ लागते आणि घरभर धूळ होते. पण त्याशिवाय मी कोणाला भिंत फोडायला सांगत नाही.

खालचं पाणी कुठून येतं हे शोधायला मागचं दार उघडलं. दाराला गंज चढला होता, दोघांनी मिळून ओढावं लागलं. मागच्या अंगणात फरशी घातलेली, तिचा उतार भिंतीकडे, आणि छताचा पाण्याचा पाइप तिथेच भिंतीशी सुटलेला. पातळी मोजली: अंगण आतल्या जमिनीपेक्षा २२ सेंटिमीटर वर. रसायनाची भोकं आतल्या जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंचीवर. म्हणजे ओल अडवायचा थर बाहेरच्या जमिनीच्याही खाली भरला होता! पाणी त्याच्या डोक्यावरून भिंतीत शिरत होतं. ते दार एकानेही उघडलं नव्हतं.

सिमेंटचं प्लास्टर काढायला घेतलं तो दिवस मी विसरणार नाही. छिन्नी घातली आणि हात-दीड हाताचा तुकडा अखंड सुटून आला. पाठ काळी, कुबट वास. मागचा चुना लोण्यासारखा झालेला, माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद केली आणि आत आलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. शेजारच्या दाराच्या चौकटीचा पाय कुजून हातात आला.

बाहेर भिंतीलगतची फरशी हातभर रुंदीत काढली. पायाच्या खाली न जाता जमीन आतल्या पातळीच्या खाली नेली, जाड खडी भरली, त्यात उतार देऊन सच्छिद्र पाइप टाकला. छताचं पाणी लांब नेलं. वरच्या कोपऱ्यासाठी कपाट वीतभर पुढे घेतलं, बुरशी पुसून काढली, कपडे बाहेर वाळत घालायचे ठरले आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा बसला. वरचा कोपरा तीन आठवड्यांत कोरडा झाला.

खालच्या भिंतीचं मालकांना पटवणं अवघड गेलं. ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच जाडीचा, म्हणजे ही भिंत पुरती सुकायला दोन-अडीच वर्षं. तोवर ती उघडी ठेवायची, वर येणारा खार कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, आणि चुन्याचा नवा गिलावा नंतर. "पाहुण्यांना उघड्या विटा दाखवू?" असं ते वैतागून म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं, तीनदा फसलेला माणूस चौथ्याला मुदत कशी देईल? आजींनीच "मी झाडीन" म्हणून विषय संपवला. पाच महिन्यांनी त्याच जागी पुन्हा भुकटी काढली, ९ चे ६ टक्के झाले होते.

पण तो सुटून आलेला तुकडा माझ्या डोक्यातून जात नाही. या कामात नवा होतो तेव्हा वॉटरप्रूफ सिमेंट प्लास्टर मीही सुचवायचो. लाल दिवा बघून, मागचं दार न उघडता. तेव्हाच्या वह्या गेल्या रविवारी माळ्यावरून काढल्या. चुन्यातल्या भिंतींवर सिमेंट करायला लावलेली अकरा घरं सापडली. पहिल्या घराचा फोन आता दुसऱ्याच कोणाकडे आहे. दुसऱ्या घरी फोन केला, ओल कशी आहे विचारलं, तर बाई म्हणाल्या, रंग लावला की वर्षभर दिसत नाही. परवा तिकडे जातोय, ड्रिल आणि कार्बाइडची बाटली घेऊन.