माणसं घरी, ऑफिस रिकामं, मग आयटीचं दरमहा बिल कशाचं?

आमच्या आयटी देखभालीच्या कराराचं नूतनीकरण आलं की सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले असोत की गावातले सीए, सगळे एकच विचारतात: "अहो, जवळपास सगळी माणसं घरून काम करतात. ऑफिसात चार कॉम्प्युटर उरलेत. दरमहा पैसे कशाचे घेता?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

तीस माणसं एका छताखाली होती तेव्हा इंटरनेटची एक लाइन, एक राउटर आणि एक यूपीएस सांभाळलं की भागायचं. आता तीच माणसं जुळे सोलापुरात, विडी घरकुलात, काही तर पुण्यात हडपसरला बसतात. तीस घरं, तीस लाइनी, तीस राउटर, आणि त्यातलं एकही आमच्या ताब्यात नाही.

नेहमीची तक्रार घ्या: "व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) कनेक्टेड दाखवतंय, पण सर्व्हर उघडत नाही." इंटरनेट चालू असतं, पासवर्डही बरोबर असतो. दोष नेटवर्कच्या पत्त्यात असतो. ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर असतो आणि घरच्या राउटरचं नेटवर्कही कंपनीतून येतानाच १९२.१६८.१ चं असतं. लॅपटॉपला वाटतं, हा सर्व्हर आपल्याच घरात आहे. तो त्याला वायफायवर शोधतो, व्हीपीएनच्या वाटेला जातच नाही. एकेका घरचा राउटर बदलत बसू नये. ऑफिसचंच नेटवर्क १०.४७.२० सारख्या, घरात सहसा न सापडणाऱ्या मालिकेत न्यावं. हे सुट्टीच्या दिवशीच करायचं, आणि प्रिंटर, हजेरीचं बोटाचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांचे हाताने घातलेले पत्ते आधी कागदावर उतरवून घ्यायचे. हजेरीचं मशीन हमखास विसरतं आणि पगाराच्या वेळी आठवतं.

टॅलीचं दुखणं वेगळं. ऑफिसच्या शेअर फोल्डरमधला डेटा घरून व्हीपीएनवर उघडला की टॅली रांगतं, कारण ते फाइलचे बारीक तुकडे सतत मागत असतं आणि प्रत्येक फेरीला वेळ जातो. लाइनचा स्पीड वाढवून फार फरक पडत नाही. उलट एंट्री सेव्ह होताना लाइन तुटली तर डेटा खराब होण्याची भीती. टॅली सर्व्हरवरच चालावं आणि घरी रिमोट डेस्कटॉपने फक्त स्क्रीन दिसावा. पण इथेही दोन खड्डे आहेत. पहिला, घाईत राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, थेट उघडणं. स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस अशा पोर्टवर पासवर्ड मारून बघतात, आणि रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आत यायची ही फार जुनी वाट आहे. पोर्टचा नंबर बदलून ती बंद होत नाही. रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या आतच हवा, वर ओटीपीसारखी मोबाइलवरची दुसरी खूण हवी. दुसरा खड्डा लायसन्सचा. विंडोज सर्व्हरवर दोनच जोडण्या मिळतात, त्याही देखभालीसाठी. जास्त माणसांसाठी रिमोट डेस्कटॉप सेवा बसवली की १२० दिवस सवलतीत चालते, नंतर लायसन्स नसेल तर कोणी आत येऊ शकत नाही. ते दिवस कुणी मोजत नाही, आणि मग जीएसटी रिटर्नच्या तोंडावर काम अडतं.

पासवर्ड बदलला तरी लॅपटॉप ऑफिसच्या सर्व्हरशी बोलेपर्यंत जुनाच ओळखतो, व्हीपीएन मात्र नवा मागतं. माणूस गोंधळून चार-पाच वेळा चुकीचा टाकतो आणि खातं लॉक होतं. लॉगिनच्या आधी जोडता येणारं व्हीपीएन हा यावरचा उपाय.

आता आपल्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि दुपारी लाइट गेली, तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो. बंद पडतात फायबरचा डबा आणि राउटर. त्यांना मिनी यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा: व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, बहुधा १२ असतं. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींच्या अँपिअरची बेरीज धरा. पूर्व भागात घराखालीच माग असतील तर कापसाचे तंतू लॅपटॉपच्या पंख्यात नमद्यासारखे बसतात. मशीन तापतं, मंद होतं आणि दोष इंटरनेटला दिला जातो. ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धरावा, नाहीतर गरगर फिरून त्याची बेअरिंग जाते.

अपडेटचंही वेळापत्रक बदलावं लागलं. ऑफिसात ते रात्री व्हायचे, घरी रात्री झाकण बंद असतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीची वेळ धरतो. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, त्यामुळे घरचा जुना कॉम्प्युटर कामाला लावू देत नाही.

म्हणून करार मशीनवर नको, माणशी असावा, आणि हद्द लिहिलेली असावी: लॅपटॉप, व्हीपीएन, ईमेल, बॅकअप आमचे. घरची लाइन आणि राउटर तुमच्या माणसाचे, त्यासाठी फोनवर वीस मिनिटं मदत. ही ओळ नसेल तर टीव्हीच्या वायफायसाठीही फोन येतात, आणि खरं काम मागे पडतं. वीस लॅपटॉपमागे एक तयार लॅपटॉप कपाटात ठेवतो, कारण पुण्याच्या माणसाचं मशीन बिघडलं तर कुरियरमध्ये एक दिवस तरी जातो. सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपतो. सायबर हल्ला कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवायचं असतं, हा २०२२ चा नियम आहे, आणि नोंदीच नसतील तर कळवणार काय?

बॅकअप "सक्सेसफुल" दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. महिन्यातून एकदा टॅलीची एक कंपनी बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून त्या तारखेचा ट्रायल बॅलन्स मूळ डेटाशी जुळवायचा, आणि दोन्हींची प्रिंट बिलाला जोडायची. ज्या महिन्यात ती प्रिंट आली नाही, त्या महिन्याचं आमचं बिल थांबवा.