बेसाल्टखालचा तो ठसठशीत थर

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आहे ना, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो सौराष्ट्र-कच्छच्या बाजूला समुद्राखाली पण पसरलाय, आणि त्याच्या पोटात जुने मेसोझोइक, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या, गाळाचे थर दडलेत, तेलवाल्यांना तेच हवे असतात. एअरगनने पाण्यात हवेचा धमाका करायचा, खालून परतलेल्या लाटा हायड्रोफोन नावाच्या पाण्यातल्या माइकने टिपायच्या, हा झाला सिस्मिक डेटा; त्यावरून त्या थरांचं चित्र काढणं हे माझं काम.

त्या दिवशी दुपारी विहिरीची जागा ठरवायची मीटिंग होती. आधीच्या प्रोसेसिंगमधून आलेल्या चित्रात साडेचार किमीच्या आसपास एक थर इतका ठसठशीत दिसत होता की सगळे खूश. मॅडम आल्या, चित्राकडे नीट पाहिलं पण नाही, म्हणाल्या, "आधी गॅदर उघड."

गॅदर म्हणजे जमिनीखालच्या एकाच जागेचे सिग्नल, जवळच्या हायड्रोफोनपासून लांबच्यापर्यंत शेजारी शेजारी मांडलेले. वेग बरोबर धरला असेल तर खरा थर तिथे सपाट दिसतो. वरचे थर सपाटच होते, हा एकटा लांबच्या टोकाला खाली वाकत होता, म्हणजे ही लाट आम्ही धरलेल्या वेगापेक्षा बरीच हळू आलेली, आणि बेसाल्टमधून सेकंदाला 5 किमीच्या आसपास पळणारी लाट अशी रेंगाळेल कशाला? मग लाट जाऊन परत यायला लागलेली वेळ बघितली. बेसाल्टचा माथा 1.4 सेकंदाला, हा थर 2.8 ला! माथ्यावर एक छोटी पायरी होती, खाली पण त्याच जागी पायरी, उंची दुप्पट, पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी. अंगावर काटाच आला. लाट बेसाल्टवर आपटून वर आली, पाण्याच्या पृष्ठभागावरून उलटी होऊन पुन्हा खाली गेली, पुन्हा बेसाल्टवर आपटली आणि मग रेकॉर्ड झाली. मल्टिपल!

ते चित्र ज्या पद्धतीने काढलं होतं त्या रिव्हर्स टाइम मायग्रेशनमध्ये कॉम्प्युटर एअरगनची लाट पुढे चालवतो, रेकॉर्ड झालेली लाट काळात मागे चालवतो, दोन्ही एकाच वेळी जिथे भेटतात तिथे थर उमटतो. पण प्रत्येक लाट एकदाच परतलीय असं त्यात धरलेलं असतं, त्यामुळे दोनदा आपटलेली लाट बिनदिक्कत खोलवर जाऊन बसते आणि दिसते पण झकास.

मीटिंगमध्ये मॅडमनी थेट गॅदरच स्क्रीनवर लावला, थोडी कुरकुर झाली पण जागेचा निर्णय पुढे ढकलला. नंतर मल्टिपल काढून, बेसाल्टमध्ये कमी विखुरणाऱ्या लो फ्रिक्वेन्सी जपून सगळं पुन्हा चालवलं. साडेचार किमीवरचा थर गेला. त्याच्या बराच वर एक फिकट, तुटक रेघ आली, गॅदरमध्ये बऱ्यापैकी सपाट, आणि माझ्या मते आता वेळ तिच्यावर घालवायला हवा.