थांबून बघू

सोमवार, रात्री

आज माझा दरवर्षीचा इको झाला, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय बघायची तपासणी. "डाव्या कुशीवर वळा" हे तिथल्या मुलीच्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत मी वळलेली असते, डावा हातही डोक्याखाली गेलेला असतो. सहा वर्षांत एवढं अंगवळणी पडलंय. जेलचा गारवा मात्र अजून नाही. मग बरगड्यांच्या मधल्या फटीत प्रोब रुततो. श्वास घ्या, सोडा, सोडलेलाच ठेवा.

स्क्रीन आज जरा माझ्या बाजूला वळलेली होती. इकोत बहुतेक वेळ हृदय उलटं दिसतं, टोक वर आणि वरचे कप्पे खाली, त्यामुळे पहिल्या वर्षी मला ओ की ठो कळलं नव्हतं. आता कळतं. मधोमध दोन पाती उघडमीट करतात ती मायट्रल झडप, डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली. उघडताना दोन्ही शहाणी. मिटताना मागचं पातं वारं भरलेल्या शिडासारखं पलीकडे फुगतं आणि दोघांच्या कडा जुळता जुळता राहतात. तिने रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंग चालू केला आणि त्या फटीतून निळी ज्योत खाली झेपावली. दर ठोक्याला एक. निळ्यात पिवळे-हिरवे ठिपके, म्हणजे तिथे रक्ताचा भोवरा होतोय. तिने चित्र थांबवलं आणि निळ्या डागाभोवती ठिपक्यांची रेघ ओढली. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांत चुकीच्या शब्दाला गोल करत आले. आज माझ्या चुकीला कुणीतरी गोल केला.

नंतर डॉक्टरांची नेहमीची प्रश्नावली.

"त्रास?"

"काही नाही."

"तीन मजले न थांबता चढता?"

"रोजच. आमच्याकडे लिफ्टच नाही."

"पायावर सूज? रात्री झोपताना जास्तीची उशी लागते?"

"नाही."

"छान. मग थांबून बघू."

सहा वर्षांचा माझा सगळा उपचार या दोन शब्दांत आहे. गोळी नाही, पथ्य नाही. दरवर्षी मी हे दोन शब्द ऐकते आणि पास झालेल्या मुलीसारखी घरी येते.

मंगळवार

रिपोर्ट फायलीत लावायच्या आधी नीट वाचला. शेरा तोच, मॉडरेट एमआर, म्हणजे मायट्रल झडपेची मध्यम गळती. गळती ठोक्याला ३८ मिलिलिटर. तीसच्या आत असती तर किरकोळ, साठ किंवा त्यावर गेली की गंभीर, म्हणजे मी मधल्या बाकावर. खोकल्याच्या औषधाबरोबर १५ मिलिलिटरचं झाकण मिळतं, तसली अडीच झाकणं. प्रत्येक ठोक्याला एवढं रक्त पुढे जायचं सोडून माघारी वरच्या कप्प्यात जातं आणि पुढच्या ठोक्याला पुन्हा खाली येतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे एक लाखाच्या वर होतात. मी गुणाकार केला, न केलेला बरा होता. दिवसाला ३,९०० लिटरहून जास्त रक्त नुसतं वरखाली. जीव वरखाली होतो म्हणतात तो असा.

"वॉशर बदलून टाकू," असं नवरा पहिल्या वर्षी म्हणाला होता. घाबरला की तो विनोद करतो. माझ्या बहिणीचा विनोद त्याहून बरा होता: "चला, तुझ्या हृदयाला एकदाचा पाझर फुटला!"

या रिपोर्टातला मला सगळ्यात फसवा वाटणारा आकडा म्हणजे ईएफ. डाव्या खालच्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. माझा ६२. धडधाकट माणसाचाही एवढाच असतो, त्यामुळे पहिल्या वर्षी मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले. मग डॉक्टरांनी समजावलं. बाहेर पडतं हे खरं, पण कुठे? त्यातलं काही पुढे महाधमनीत जातं आणि काही मागे, जिथे दाब कमी असल्यामुळे ढकलायला फारसे कष्टच पडत नाहीत. म्हणजे हृदयाला सोपा पेपर मिळालाय आणि मार्क त्या पेपरचे आहेत. म्हणून माझ्यासारख्यांच्या बाबतीत ईएफ ६०वर किंवा त्याखाली आला तरी ते स्नायू थकल्याचं लक्षण धरतात. इतरांचा आरामाचा आकडा तो माझ्या धोक्याच्या रेषेवरचा. दुसरी खूण म्हणजे आकुंचनाच्या शेवटी त्या कप्प्याचा व्यास. गळती गंभीर असेल आणि हा व्यास ४० मिलिमीटरला पोचला, तर त्रास असो नसो, ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. माझा ३६. गेल्या वर्षी ३५ होता. एक मिलिमीटर मोजण्यातल्या फरकातही येतो म्हणे. म्हणे.

बुधवार, रात्री

आज नवऱ्यावर चिडले आणि आता लिहिताना कळतंय की चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी दोघं एकत्रच घरी आलो. जिना चढता चढता मी त्याला परवाच्या तपासणीचं सांगत होते. डॉक्टरांनी तीन मजल्यांचं विचारलं, मी रोज चढते म्हणून सांगितलं वगैरे. तो एकदम म्हणाला, "न थांबता?"

"हो, मग?"

"आत्ता कुठे उभी आहेस?"

दुसऱ्या मजल्यावरच्या सपाट जागेवर उभी होते. हातात फोन होता.

"फोन बघतेय," मी म्हटलं.

"रोज इथेच बघतेस. किती दिवस झाले. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. शपथ घेऊन सांगते. मी त्याला काहीबाही बोलले, की तुझं लक्ष नको तिथे असतं, आणि वर येऊन दार जरा जोरातच लावलं. मग फोन काढून पाहिलं की मी तिथे काय बघत होते. काहीच नाही. एकही निरोप आलेला नव्हता.

गुरुवार, पहाटे साडेचार

झोप मोडली. डाव्या कुशीवर होते आणि उशीत ठोके ऐकू येत होते. या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जवळ येतं, त्यामुळे तसं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे मी स्वतःला सांगते आणि उजव्या कुशीवर वळते.

पहिल्यांदा हे कुणाच्या कानाला लागलं ते आठवलं. नोकरीच्या ठिकाणी सगळ्यांची तपासणी होती. कोवळा पोरगा, नुकताच डॉक्टर झालेला असावा. स्टेथोस्कोप डाव्या छातीखाली ठेवला, मग काखेकडे सरकवला, परत खाली आणला. मला उठून बसवलं, उभं केलं, पुन्हा ऐकलं. बाकीच्यांना दोन मिनिटं, मला दहा. शेवटी म्हणाला, "मर्मर आहे." मराठी शिकवणाऱ्या बाईला मर्मर म्हणजे पानांची सळसळ. मी हसून म्हटलं, "छान आहे की." तो हसला नाही.

त्याला काय ऐकू आलं ते नंतर वाचून कळलं. ठोक्याच्या मधोमध 'टक्' असा बारीक आवाज, म्हणजे फुगलेलं पातं त्याच्या दोऱ्यांना ताण देऊन अडतं तो, आणि मागोमाग फुस्स, ती गळती. या पात्यांना खालून दोऱ्या असतात, पॅराशूटला असतात तशा. त्यातली एखादी तुटली की हळूहळू चाललेलं प्रकरण एका दिवसात हातघाईवर येऊ शकतं. पहाटे साडेचारला मला हे आठवायला हवंच असतं.

उठून पाणी प्यायले. दात घासले, उगीच. खरं तर उगीच नाही. दातांची स्वच्छता या आजारात अगदी गंभीरपणे सांगतात, कारण हिरड्यांमधले जंतू रक्तात शिरून अशा झडपेवर घर करू शकतात. पूर्वी दात काढण्याआधी माझ्यासारख्यांनाही अँटिबायोटिक द्यायचे. २००७ नंतर अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी ते कृत्रिम झडप असलेल्यांसारख्या मोठ्या जोखमीच्या लोकांपुरतं ठेवलं. माझ्या वाट्याला ब्रश उरला.

शनिवार

आज प्रयोग केला. फोन नवऱ्याच्या खिशात दिला आणि त्याला पुढे पाठवलं.

पहिल्या मजल्यापर्यंतच्या १७ पायऱ्या सहज. पुढच्या १७ही झाल्या, पण शेवटच्या चार-पाच पायऱ्यांना तोंड उघडं होतं. चौतिसाव्या पायरीवर पाय आपोआप थांबले. मी थांबवले नाहीत. आणि गंमत बघा, हात पर्समध्ये गेला. फोन नव्हता तरी बोटं तिथे काहीतरी शोधत होती. छाती वरखाली होत होती, दुखत काही नव्हतं. धाप म्हणावी इतकीही नाही. वाक्य एका दमात पुरं करता आलं नसतं, एवढंच. दीड मिनिटाने वर गेले.

नवरा दारात उभा होता. काही बोलला नाही. फोन परत दिला.

मग दुपारभर मी आणखी कुठे कुठे 'फोन बघते' ते आठवत बसले. वर्गात पूर्वी मी धडा फिरत फिरत वाचायचे, बाकांच्या रांगांमधून, मोठ्या आवाजात. हल्ली बसून मुलांकडून वाचून घेते. त्यांना प्रकट वाचनाची सवय लागावी म्हणून, असं मी मुख्याध्यापिकांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते मीटिंगमध्ये सगळ्यांना आदर्श म्हणून सांगितलं होतं! मैत्रिणीबरोबर फिरायला जाते तर चढ आला की मी तिला सुनेचा विषय काढून देते. चढ संपेपर्यंत ती बोलते. ती म्हणते, तुझ्याइतकं ऐकून घेणारं कुणी नाही.

खोटं मी डॉक्टरांशी बोलले नाही. "त्रास नाही" हे खरंच होतं. त्रास होईल तिथपर्यंत मी जातच नव्हते. वर्षाला दोन-चार पायऱ्यांनी आयुष्य आखूड करत आणलं आणि जे उरलं ते न थांबता चढत होते.

इकोचं यंत्र कुठून आलं हे मध्यंतरी वाचलं होतं. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर नावाचे हृदयाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहायला सुरुवात केली. सुरुवातीची चाचपणी केली ती जहाजबांधणीच्या कारखान्यातलं यंत्र घेऊन, धातूच्या आतली भेग शोधायला वापरायचे ते. एडलरना हवं होतं तेही हेच, मायट्रल झडप नुसती अरुंद आहे की गळतेसुद्धा, हे छाती उघडायच्या आधी कळावं. भेग शोधायचं यंत्र निघालं. पण बाई दुसऱ्या मजल्यावर थांबते, हे त्यात दिसत नाही. मी आडवी असते ना तिथे. आडवं पडून मला कुठे दम लागतो?

सोमवार

डॉक्टरांना फोन केला. ओशाळल्यासारखं झालं, विद्यार्थ्याने आठवड्याने येऊन कॉपी केल्याचं कबूल करावं तसं. जिना सांगितला, वर्ग सांगितला. चढावरच्या सुनेचा विषयही सांगितला. ते रागावतील असं वाटत होतं. ते म्हणाले, असे बरेच जण असतात, म्हणून मी घरच्या माणसाला बरोबर आणा म्हणतो. तुम्ही दरवर्षी एकट्याच येता.

खरंय. मीच नवऱ्याला सांगायचे, तू कशाला रजा घेतोस.

ऑपरेशनचं विचारलं. म्हणाले, लगेच त्या टोकाला जाऊ नका. विश्रांतीत मॉडरेट दिसणारी गळती श्रम करताना वाढते का ते आधी बघू. धाप वजनाची असू शकते, रक्त कमी असल्याची असू शकते, नुसत्या वयाचीही. तेव्हा रक्ताच्या तपासण्या आणि श्रमाचा इको. पुढे कधी वेळ आलीच तर शक्यतो तुमचीच झडप शिवून, भोवती कडं बसवून दुरुस्त करतात, बदलत नाहीत. बदलायची झाली तर दोन वाटा. धातू-कार्बनची घेतली की जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि वरचेवर रक्ताची तपासणी. प्राण्यांच्या ऊतीची घेतली तर ती गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांनी झिजते. आणि काही करायचंच असेल तर हृदय थकायच्या आत केलेलं बरं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज शांत खोलीत स्वतःलाच नव्हे, शेजारच्यालाही ऐकू येतो, हे मी कुठेसं वाचलंय. वर्गात कॉपी पकडायला काही उपयोग नाही त्याचा, लांबूनच कळेल बाई आल्या.

नवऱ्याला संध्याकाळी सगळं सांगितलं. "रजा टाकतो," एवढंच म्हणाला. वॉशर वगैरे काही नाही. म्हणजे या वेळी विनोद करण्याच्याही पलीकडे घाबरलाय. जिन्यात आता तो माझ्या मागून चढतो आणि दुसऱ्या मजल्यावर स्वतःच थांबतो, बुटाची नाडी बांधायला. त्याच्या चपलांना नाडी नसते.

रात्री तपासणीच्या ठिकाणाहून तारीख पक्की करायला फोन आला. तीच मुलगी, रेघ ओढणारी. आधी दोन-तीन तास काही खायचं नाही, सैल कपडे, चालायचे बूट. ट्रेडमिलचा पट्टा हळूहळू वेग आणि चढ घेईल, थांबावंसं वाटलं की स्पष्ट सांगायचं, मनात ठेवायचं नाही. थांबल्या थांबल्या लगेच आडवं व्हायचं, ठोके खाली यायच्या आत चित्रं घ्यावी लागतात.

"आणि मॅडम, मोबाईल बाहेर ठेवायचा."

ठेवते म्हटलं.